प्रिंटर बदलायचा का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेवर माझा विषय ‘सोसायटीच्या आठवणी’ असा छापलाय. पण मी बोलणार आहे माझ्या प्रिंटरवर. कारण असं, की सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव आला होता. रौप्यमहोत्सवी निधीतून मला नवा, मोठा फोटो प्रिंटर घेऊन द्यावा. मी त्यावर पंचवीस वर्षांचे पंचवीस फोटो छापावेत आणि ते खाली जिन्याजवळच्या भिंतीवर लावावेत. टाळ्या वाजल्या. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, आणि मीच उठून ‘नको’ म्हणालो. तेव्हापासून जिन्यात, पार्किंगमध्ये, दूध आणायला गेलो तरी एकच प्रश्न: ‘काका, चांगला फुकट मिळत होता, नको का म्हणालात?’ ते उत्तर जिन्यात उभ्या-उभ्या देण्यासारखं नाही. त्यात माझी एक चूक आहे, आणि ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या भिंतीवर टांगलेली आहे. म्हणून आज बसवून सांगतो.

आपली सोसायटी १९९९ ला नोंदवली गेली, राहायला आलो २००० मध्ये. तेव्हा जालना रोडवरून आत वळलं की दिवे कमी आणि बाभळी जास्त. विमान उतरलं की पोरं गच्चीवर पळायची. आपल्यातले निम्मे लोक चिकलठाणा एमआयडीसीत कामाला, मीही त्यातलाच. तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होतो. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊन दुसऱ्यांच्या मालात खोट काढायची, हे माझं काम. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचीच गंमत होणार आहे.

फोटोची हौस मला पहिल्यापासून. छत्तीस फोटोंचा रोल घालायचा, तो संपेपर्यंत दिवाळी ते संक्रांत व्हायची, मग शहरात धुवायला टाकायचा. पुढे डिजिटल कॅमेरा आला, फोटो कॉम्प्युटरात जाऊन बसायला लागले आणि कुणी छापेनाच. म्हणून २०१४ ला, मुलीचं लग्न पार पडल्यावर, मी सहा रंगांचा टाकीवाला इंकजेट प्रिंटर घेतला. ए-४ पर्यंत छापणारा. साध्या प्रिंटरमध्ये चार शाया असतात: निळी, किरमिजी, पिवळी, काळी. माझ्यात दोन जास्त आहेत, फिकी निळी आणि फिकी किरमिजी. त्यांचं काम काय, तर गाल आणि आभाळ. गडद शाईचे थेंब विरळ टाकून फिका रंग दाखवायचा म्हटलं की कातडीवर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात. फिकी शाई असली की ते दिसत नाहीत. थेंब किती बारीक? माझ्या प्रिंटरच्या माहितीपत्रकात दीड पिकोलिटर लिहिलंय. मी हिशोब केला, एक मिलिलिटर शाईत असे सहासष्ट कोटी थेंब होतात. चमचाभर औषधाच्या पाचव्या हिश्शात निम्मा देश!

ही छपाईची विद्या तशी फार जुनी नाही. एचपी कंपनीचा थिंकजेट १९८४ ला आला. त्यात शाई क्षणात तापवून बुडबुडा करायचा आणि त्या धक्क्याने थेंब उडवायचा, अशी युक्ती होती. कॅननचीही तीच वाट. एप्सनने वेगळं केलं: विजेचा दाब दिला की वाकणारा स्फटिक बसवला, तो पिचकारीसारखा थेंब ढकलतो. आमच्या ऑफिसात मात्र नव्वदच्या दशकात करकर करणारा डॉट मॅट्रिक्सच होता, त्यामुळे घरी फोटो छापता येतो याचं मला फार अप्रूप.

मग काय, मी सोसायटीचा बिनपगारी स्टुडिओच झालो. रात्री साडेनऊला बेल वाजायची, ‘काका, उद्या शाळेत पासपोर्ट फोटो मागितलेत.’ गणपतीचे, भिशीचे, बारशाचे फोटो. कुणाच्या आईवडिलांचे मोठे करून दिले. पैसे घेतले नाहीत, फार तर कागदाचे. आमची सौ. म्हणायची, ‘अहो, शाईचे तरी घ्या.’ मी म्हणायचो, ‘अगं, शेजारी आहेत.’ आणि इथेच मी माती खाल्ली.

प्रिंटरसोबत आलेली मूळ शाई २०१६ च्या सुरुवातीला संपली. नवी सहा बाटल्यांची किंमत बघितली आणि जीवावर आलं. एका दुकानात ‘सर, सेम टू सेम आहे, सगळे हीच नेतात’ म्हणून निम्म्याहून कमी भावात शाई मिळाली. घातली. फोटो झकास आले. तीस वर्षं आलेल्या मालाची तपासणी केल्याशिवाय एक बोल्ट आत घेतला नाही, त्या माणसाने ही शाई बाटलीचं झाकण उघडून थेट टाकीत ओतली. मूळ शाई परत आणली ती थेट २०२१ ला, तीसुद्धा हेड तुंबलं म्हणून. फोटो टिकण्याबिकण्याचा विचार तेव्हाही डोक्यात नव्हता.

आता यंदाच्या संक्रांतीची गोष्ट. तिळगूळ द्यायला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. काका २०१६ च्या पावसाळ्यात गेले, तुम्हाला आठवत असेल. तेराव्यासाठी फोटो हवा होता, स्टुडिओला जायला कुणाला वेळ नव्हता, रात्री मीच छापून दिला. आपल्या पहिल्या गणपतीतला, २००० सालचा फोटो. काका आरतीचं ताट घेऊन उभे आहेत. प्रिंट होती, ती स्कॅन करून ए-४ केली. फ्रेमवाल्याला मीच बजावलं होतं, ‘काच नको, चमक मारते.’ त्याने बोर्डावर चिकटवून चौकट ठोकून दिली.

तर काकू पाणी आणायला आत गेल्या आणि मी फोटोकडे बघितलं. सगळा चेहरा तांबूस. मागचा मांडव नारिंगी. ताटातल्या निरांजनाच्या उजेडात उभं असल्यासारखे काका, पण फोटो दिवसाचा होता. काकूंनी माझी नजर ओळखली. म्हणाल्या, ‘भाऊ, ह्यांचा फोटो असा तांबडा का पडत चाललाय हो? मी रोज पुसते, तरी.’

मला तिळगूळ गोड लागला नाही.

घरी येऊन मी काय केलं असेल? जे आपण सगळे करतो. यंत्राला दोष दिला. दहा वर्षांचा जुना प्रिंटर, मधूनमधून हेड तुंबतं, फिक्या किरमिजी रंगाच्या रेघा तुटतात. आता बदललाच पाहिजे. दुसऱ्या आठवड्यात कोटेशन आणलं. मोठा, बारा बाय अठरापेक्षा थोडा मोठा कागद घेणारा, सहा रंगांचा, साठ हजारांच्या पुढे. त्याहून वरचा, टिकाऊ पिगमेंट शाईचा, लाखाच्या घरात. रात्री मी त्यांची माहितीपत्रकं घेऊन झोपायचो. खोटं कशाला बोलू, मनातून आनंदच झाला होता. नवं यंत्र घ्यायला आता सबळ कारण मिळालं होतं.

ते सगळं मुलीने एका फोनमध्ये उतरवलं. ती पुण्याला असते. तिला मी कोटेशन वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘बाबा, नव्या प्रिंटरमध्ये शाई कुठली घालणार?’

मी गप्प.

मग म्हटलं, आपल्याला जे येतं ते करू. चाचणी. गुढीपाडव्याला सुरू केली, गणपतीला संपवली, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर. एकच फोटो, निळं आभाळ आणि माणसाचा चेहरा असलेला, वेगवेगळ्या पट्ट्यांवर छापला. स्वस्त शाईच्या बाटल्यांत तळाला थोडी शिल्लक होती, ती वापरली. स्वस्त शाई उघडी, स्वस्त शाई काचेखाली. मूळ शाई उघडी, मूळ शाई काचेखाली. शहरातल्या लॅबमधून छापून आणलेली एक. प्रत्येकीच्या अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा. हे सगळं आमच्या पश्चिमेच्या खिडकीशी, कूलरच्या वाऱ्यात. आणि दोन्ही शायांची एकेक पट्टी कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. सौ. ने पाच महिने ती खिडकी पुसली नाही, हे तिचं या संशोधनातलं योगदान.

गणपतीच्या आदल्या दिवशी पुठ्ठे काढले. स्वस्त उघड्या पट्टीवर पुठ्ठ्याची कड खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसत होती. आभाळ गुलाबी-राखाडी, चेहरा तांबूस. आणि मला धक्का बसला तो पुढे: पुठ्ठ्याखालचा भागसुद्धा, जिथे उजेड पोचलाच नव्हता, कपाटातल्या पट्टीशेजारी धरला तर बदललेला होता. थोडा, पण बदललेला. स्वस्त शाई काचेखाली, तीही उतरली होती, पण पुष्कळ कमी. मूळ शाई उघडी, आभाळात किंचित फरक, शेजारी धरल्यावरच कळणारा. मूळ शाई काचेखाली आणि लॅबची पट्टी, या दोन्हींत माझ्या डोळ्यांना फरक सापडला नाही. कपाटातल्या दोन्ही जशाच्या तशा. पाच महिन्यांची चाचणी म्हणजे पंधरा वर्षांची हमी नव्हे, हे मला कळतं. पण दोष कुठे आहे ते कळायला तेवढी पुरली.

पुठ्ठ्याखाली उजेड नाही, मग रंग कशाने गेला? हवेने. आपण जो चकचकीत फोटो पेपर वापरतो, त्याच्यावर अतिसूक्ष्म छिद्रांचा थर असतो. शाई त्यात लगेच शोषली जाते, म्हणून फोटो हातात येताच कोरडा. पण त्याच छिद्रांतून हवाही आत शिरते. गाड्यांच्या धुरावर ऊन पडून जमिनीलगत ओझोन तयार होतो, तो शाईच्या रंगाचे रेणू तोडतो, आणि बहुतेक वेळा आधी निळा जातो. निळा गेला की उरतं काय? किरमिजी आणि पिवळा. म्हणजे नारिंगी. ही गोष्ट फक्त आपल्याच शहरातली नाही. २००० सालच्या सुमारास एका मोठ्या जपानी कंपनीच्या प्रिंटरवर, तिच्याच कागदावर छापलेले फोटो परदेशात काही घरांमध्ये थोड्याच आठवड्यांत नारिंगी पडले होते, आणि शोधल्यावर कारण हेच निघालं. जिथे वारा फोटोवरून वाहतो तिथे हे लवकर होतं. आता काकूंच्या हॉलची रचना डोळ्यांसमोर आणा. खिडकीत कूलर, बाहेरची हवा आत ओढणारा. बरोबर समोरच्या भिंतीवर काका. काच नाही. आठ उन्हाळे.

आता तो लाखाचा पिगमेंट शाईचा प्रिंटर. त्याचा मोह का पडतो ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगणं सोपं आहे. माझ्या प्रिंटरमधली शाई ही ‘डाय’ आहे, म्हणजे रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला, कापड रंगवतात तसा. पैठणी आपण मलमलीत गुंडाळून अंधारात ठेवतो, दोरीवर उन्हात वाळत घालत नाही, त्याचं कारण हेच. पिगमेंट म्हणजे न विरघळलेली रंगाची बारीक पूड. अजिंठ्याला आपण सगळे सहलीला जाऊन आलोय. तिथे भिंतीवर काय आहे? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी आणि निळ्यासाठी लाजवर्द दगडाची पूड. सगळं दगड-मातीचं. पंधराशे वर्षांनी गिलावा पडलाय, वटवाघळांनी घाण केलीय, पण जिथे गिलावा टिकलाय तिथे रंग अजून बोलतो. पुडीचा एक कण म्हणजे हजारो रेणूंचं गाठोडं. वरचा थर हवेने खाल्ला तरी आतला शिल्लक राहतो.

मग घ्यावा की पिगमेंटचा! मीही दोन महिने हेच म्हणत होतो. पण ही पूड आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत नोझलवर बसते, आणि ते यंत्र रोज चालणाऱ्या स्टुडिओसाठी आहे. मी छापतो महिन्यातून दोन-चारदा. बाकी वेळ ते स्वतःलाच साफ करत बसणार. हेड क्लीनिंग केलं की शाई जाते कुठे, माहीत आहे? आत एक स्पंज असतो, तो ती पितो. तो भरला असं प्रिंटरच्या मोजणीने ठरवलं, की प्रिंटर संप करतो. हल्ली काही मॉडेलमध्ये तो डबा घरीच बदलता येतो, ही सोय चांगली आहे. पण माझ्या वापराला ती महागाची शाई कागदावर कमी आणि स्पंजात जास्त गेली असती. ज्याला आठवड्याला पन्नास मोठे फोटो छापायचेत, विकायचेत, त्याने जरूर घ्यावा.

अजिंठ्याचं निघालंच आहे तर आणखी एक सांगतो, मग पुढे जातो. रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याला राहून भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करत होता, मोठमोठ्या तैलचित्रांत. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, १८७२ पासून वर्षानुवर्षं नकला केल्या. त्या लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनला गेल्या, आणि १८८५ ला तिथेही आग, बऱ्याच गेल्या. आणि पुढे निजामाच्या राजवटीत १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी भिंतींवर रंग टिकावा म्हणून शेलॅकचा हात दिला, तोच कालांतराने पिवळा पडला. हे मी इतकं वाचत बसलो कारण मलाही काकांच्या फोटोची तीच अडचण आली होती. मी केलेल्या स्कॅनची फाइल ज्या हार्ड डिस्कवर होती, ती २०१९ ला बंद पडली. दुसरी प्रत ठेवली नव्हती. मूळ प्रिंट काकूंना सापडत नव्हती. म्हणजे जगात त्या फोटोची एकच नक्कल उरली होती, कूलरसमोरची.

आता वार्षिक सभेकडे येतो. सभेत भिंतीवर बारा बाय अठराचे पंचवीस फोटो असं ठरत होतं. चांगली छपाई इंचाला तीनशे ठिपक्यांनी होते असं धरा. अठरा इंचाला पाच हजार चारशे पाहिजेत. आपल्याकडे २००४ पासूनचे बरेच फोटो तीन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे आहेत; त्यांची लांब बाजू दोन हजारांच्या आसपास, म्हणजे इंचाला एकशे चौदा. आणि २०१५ नंतरचे? ते सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवलेले. तिथून जाताना फोटो दाबून लहान होतो, लांब बाजू साधारण दीड हजार उरते. पाच इंचांपर्यंत छान, अठरा इंचांवर लापशी. साठ हजारांचा प्रिंटर ती लापशीच अधिक सुबक वाढणार! नुसतं यंत्र मोठं केल्याने फोटोत नसलेलं काही येत नाही. शिवाय असे मोठे पंचवीस फोटो एकदाच छापायचेत. लॅबमध्ये दिले तर काही हजारांत काम होतं, आणि ती छपाई फोटोच्या खऱ्या रासायनिक कागदावर.

मी सभेत एवढंच म्हणालो, की प्रिंटर नको, सोसायटीच्या कपाटाची किल्ली द्या. सचिवसाहेबांना वाटलं मी रागावलोय.

किल्ली यासाठी, की पहिल्या तीन वर्षांचे रोल तेव्हाच्या कमिटीने सोसायटीच्या खर्चाने धुतले होते, आणि खर्चाची पावती असली की सोबतचा माल फेकायचा नाही ही आपल्या पहिल्या खजिनदारांची शिस्त. रविवारी सकाळी आम्ही तिघं बसलो. टँकरच्या बिलांची थप्पी, बोअरच्या मोटारीची वॉरंटी, शेअर सर्टिफिकेटची फाइल, आणि तिच्याखाली पिवळ्या लिफाफ्यात निगेटिव्हच्या पट्ट्या. अकरा रोल. चोवीस वर्षं लोखंडी कपाटात, अंधारात, कूलरपासून लांब.

२००० च्या गणपतीचा रोल उजेडावर धरला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. काकांचे केस पांढरे आणि ताट काळं. पण तेच होते. लॅबमधून सगळे अकरा रोल स्कॅन करून आणले, लांब बाजूला चौतीसशे पिक्सेल मिळाले, म्हणजे बारा बाय अठराला चालण्याइतके. या वेळी तीन प्रती: एक माझ्याकडे, एक सोसायटीच्या कपाटात, एक पुण्याला मुलीकडे.

माझ्या प्रिंटरचं हेड दोन दिवस खपून साफ केलं. नोझल चेकच्या सगळ्या रेघा अखंड आल्या. मूळ शाई, चांगला कागद. छापून एक दिवस तसाच मोकळा ठेवला, आणि मग फ्रेम केली: काच, आणि काच फोटोला चिकटू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची किनार. काकूंकडे घेऊन गेलो आणि आधी सगळं सांगितलं, शाईचं, काचेचं, डिस्कचं. त्यांनी किती ऐकलं माहीत नाही. त्या फोटोकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘ह्यांचा शर्ट आकाशी होता होय. मला आता राखाडीच वाटायला लागला होता.’

मी जुना फोटो उतरवून पिशवीत घालायला लागलो तर त्यांनी हात धरला. ‘तो नका नेऊ भाऊ. त्याच्यासमोर आठ वर्षं दिवा लावलाय.’ तो आता देवघराच्या बाजूला आतल्या खोलीत आहे. नवा हॉलमध्ये, कूलरच्या भिंतीला.

तर नवा प्रिंटर का नको, याचं उत्तर एवढं लांब आहे. मनातून हौस गेलेली नाही, हे आमच्या घरी माहीत आहे. माझा हा प्रिंटर ज्या दिवशी हेड बदलायलाच मागेल आणि त्याचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जाईल, त्या दिवशी मी पुन्हा कोटेशन आणीन. तोवर दर शनिवारी एक नोझल चेक आणि एक रंगीत पान, म्हणजे शाई वाळत नाही. निधीतून स्कॅनिंग, लॅबची छपाई आणि काचेच्या फ्रेम एवढाच खर्च झाला. हिशोब खजिनदारांनी स्मरणिकेत दिलाय. उरलेले पैसे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला जावेत असं माझं मत आहे, पण त्यावर आज वाद नको.

आता माझ्या कामाचं. माझ्या वहीत नोंद आहे: २०१६ ते २०२१ या काळात मी त्या स्वस्त शाईने ए-४ आकाराचे एकूण ५८ फोटो तुम्हाला छापून दिले. शाईत वाचवले होते जेमतेम चार हजार रुपये. त्यातले ३१ मी पुन्हा छापले आहेत. २७ बाकी आहेत. फ्रेम उलटी करून बघा, मागे कोपऱ्यात पेन्सिलने माझ्या अक्षरात तारीख असेल. या पाच वर्षांतली असेल तर फोटो घेऊन या, रंग अजून उतरला नसला तरी. मूळ फाइल कुणाच्या मोबाइलमध्ये असेल तर ती पाठवा, पण फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे लहान होऊन येत नाही. फाइल कुणाकडेच नसेल तर उतरलेला फोटोच आणा. निळा पूर्ण गेलेला नसतो, स्कॅन करून त्याला थोडा वर ओढता येतो. कागद, शाई, काच, सगळं माझ्याकडून. यावर वाद ऐकून घेणार नाही. दोन कुटुंबं घर विकून नाशिकला गेलीत, त्यांचा नंबर कुणाकडे असेल तर जेवताना मला द्या.

मी दर रविवारी दहा ते एक घरी असतो. ज्यांचे फोटो कूलरसमोर आहेत, त्यांनी आधी या. भिंतीवरचा खिळा काढू नका, नवा फोटो येईपर्यंत तिथे कॅलेंडर लावा. फोटोसाठी जागा आपण दुसरी बघू.